मपलं

रात्री बाराला एक मिनिट वर झालं आन् तुपला अल्बम आला.
मी बियाण्याच्या गोडाऊनात मक्याच्या गोण्या मोजत होतो.
हमालांनी एकशे चाळीस म्हटलं, मी एकशे अडतीस लिहिलं.
दोन तुपल्या पायी गेल्या.

नऊ गाणी. एकतीस मिनिटं.
कव्हरवर तू एकलाच, पाठमोरा,
आन् खाली बारीक अक्षरात: पहिला सोलो.

सोलो.
आपल्याकडं शेंगा सोलतेत, ऊस सोलतेत.
चौघातून तिघं सोलून काढले
की आत जे राहतं ते, तथागत?

मुदस्सिरच्या अब्बाचा भंगारचा गाळा, नंबर चार.
मे महिना, अंगावर गोधडी, गोधडीत मोबाइल,
घाम तोंडात जायचा, शब्द खारट निघायचे.
लाइट गेली की तू खूश:
बरं झालं, पंख्याचा आवाज गेला.

बीट विकत घ्यायला पैसा कोणाकडं होता?
मुदस्सिर रोलिंग मिलच्या भिंतीला फोन लावून
रातभर उभा राहिला.
लाल सळई रोलरातून निघती तव्हा
आधी धडाम्, मग एक लांब सुस्कारा.
डिगा म्हणला सुस्कारा काप.
आपण कापला नाही.

तुपली पहिली कमाई अडीचशे रुपये,
भंगारच्या रिक्षासाठी.
लोखंड, पत्रा, बंद घड्याळ,
फुटका कूलर, तुटकी माळ,
यमकात बसवलं तू.
मालक म्हणला, जरा हळू बोल, बायांना कळलं पाहिजे.
ती रिक्षा आजून फिरती कादराबादेत.
गावानं तुला कव्हाच ऐकलंय,
रोज सकाळी नऊला,
आन् कूलर काढून दिलेत.

पुण्यात दुसऱ्या फेरीत पडला.
परीक्षक म्हणला, दम आहे, भाषा तेवढी नीट कर.
मपलं म्हणजे काय, त्यानं माईकवरच विचारलं.
लोकं हसले. मीबी हसलो थोडा,
तुला दिसलं का नाही, माहीत नाही.
एसटीत तू गप.
बदनापूर आलं तव्हा म्हणला,
नीटच तर आहे.

मग पाच वर्षं.
डिगा भरतीत लागला. मुदस्सिर रियाधला एसी दुरुस्त करतो.
मला इथं चौदा हजारावर घेतलं,
रविवारी येतो म्हणलो होतो.

तू मामा चौकात मोबाइलची कव्हरं विकली.
जयंतीला दोन डीजेंच्या मधात चार मिनिटं भेटली,
त्यातलं एक माईक सापडण्यात गेलं.
कंपनीवाल्याचा फोन आला:
दोन शिव्या टाक, एक पोरगी, एक ट्रॅक्टर.
तू विचारलं, ट्रॅक्टर कोणत्या कंपनीचा?
त्यानं परत फोन केला नाही.

सहावं गाणं. गाळा नंबर चार.
तेच धडाम्, तोच सुस्कारा.
तुपलं कडवं संपलं आन् पुढं
कोणीच नाही.
सोळा ओळींची जागा, नुसती मिल चालू.
ऐकणाऱ्याला वाटंल, मिक्सिंग चुकलं.

तिथं मपलं कडवं होतं.
तीन बोटं मिलला दिली, बाप सात घेऊन आला घरी,
तिथून सुरू होणारं.
दुसरं कोणी भरलं नाही तू त्यात. स्वतःबी नाही.
मला राग यायला पाहिजे होता.
आला थोडा.
विचारायचं तरी होतं, लेका, रिकामं ठेवू का म्हणून.

गाणं मागं घेतलं.
काय पुटपुटता सायेब, हमाल म्हणला.
मोजतोय म्हणलो.
गोण्यांची धूळ, वरून औषधाचा वास,
चौदाव्या ओळीला दम संपला.
मिल पुढं निघून गेली.